समाईक कोठार आणि त्याचा कारभारी

ज्या घरांत वांटणीची भाषा एकदां शिरली, त्या घरांतील सुखदुःखांचा हिशेब पुढें पिढ्यान्‌पिढ्या बांधाबांधावर चालतो, हें आपल्या खेड्यापाड्यांतून नित्य दृष्टीस पडतें. थोरल्याच्या वांट्यास आलेली विहीर तुडुंब भरलेली असते आणि धाकट्याचें रान दहा पावलांवर करपत असतें. तथापि मध्यें बांध असल्यामुळें एकाच्या समृद्धीचा दुसऱ्यास उपयोग होत नाहीं. उलटपक्षीं एकत्र कुटुंबांत धान्याची कणगी एकच असते. ज्यास जेव्हां जितकें हवें तितकें तींतून मिळतें. पण कारभारी दक्ष नसेल तर सगळें घर एकाच दिवशीं उपाशी बसतें. वांटणी बरी कीं एकत्रपणा बरा, हा वाद फार जुना आहे. तोच वाद संगणकाच्या पोटांतही चालतो, असें मीं म्हटलें तर पुष्कळांस तें विचित्र वाटेल. परंतु गेलीं कांहीं वर्षें लोणंद येथें असें एक कोठार सांभाळण्याचें काम मजकडे आहे, आणि त्या कामानें मला जें शिकविलें तें या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

लोणंद म्हटलें कीं बाहेरच्या मनुष्यास कांद्याची बाजारपेठ, पुणें-मिरज लोहमार्गावरील स्थानक, आणि आषाढी वारींत श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम, ह्या तीन गोष्टी आठवतात. माझें कोठार ह्यांपैकीं कशाचेंच नाहीं. तें कागदांच्या छायाचित्रांचें आहे. आसपासच्या गांवांतील कांहीं शाळांच्या जुन्या दाखलखारीज नोंदवह्या, शिक्षक-विद्यार्थ्यांचीं जुनीं सामुदायिक चित्रें, आणि वृद्ध मंडळींनीं सांगितलेल्या आठवणींचें ध्वनिमुद्रण, एवढी त्यांतील संपत्ति. नोंदवह्यांचीं पहिलीं पानें बहुधा मोडी लिपींत आहेत. मुलाचें नांव, बापाचें नांव, जात, जन्मतारीख, कोणत्या यत्तेंत दाखल झाला, शाळा केव्हां व कां सोडली, असे त्यांत रकाने असतात. दिसावयास हें सर्व किरकोळ. परंतु २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं शासनानें न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली, तेव्हां ह्या जुन्या पानांची किंमत घरोघर कळून आली. पणजोबांच्या नांवापुढील एका शब्दासाठीं लोक तालुक्याच्या गांवीं खेटे घालूं लागले. इकडे कागदाचा शत्रु जी वाळवी, ती तर कोणाचीच वाट पाहत नाहीं. पान नष्ट झाल्यावर त्याचें छायाचित्र ग्राह्य धरावें कीं न धरावें, हें कचेरीनें ठरवावयाचें. पण छायाचित्रच नसेल तर विचारण्यासारखेंही कांहीं उरत नाहीं.

हें कोठार मजकडे आलें तेव्हां तें एका जुन्या संगणकांतील दोन डिस्कांवर होतें. एक ५०० गिगाबाइटांची व दुसरी १ टेराबाइटाची. त्यांचे तीन भाग पाडून एक नोंदवह्यांस, एक चित्रांस व एक ध्वनिमुद्रणास नेमून दिला होता. अशा वांटणीस संगणकाच्या परिभाषेंत पार्टिशन म्हणतात. कुटुंबाच्या वांटणीसही इंग्रजी कायद्यांत हाच शब्द आहे. ज्यानें ही योजना केली त्यानें ती विचारपूर्वकच केली असावी. परंतु कोणती वस्तु किती वाढेल हें आरंभीं कोणास कळणार? २०२३ नंतर नोंदवह्यांचीं छायाचित्रें झपाट्यानें वाढलीं व त्यांचा भाग कांठोकांठ भरला. शेजारीं चित्रांचा भाग अर्ध्याहून अधिक रिकामा पडला होता, तरी त्यांतील एक वीतभर जागा नोंदवह्यांस घेतां येईना. विहीर एकाची, रान दुसऱ्याचें, अशी अवस्था झाली.

अशा वेळीं जुन्या रीतीप्रमाणें एकच उपाय असे. सर्व माल दुसरीकडे हलवावयाचा, भिंती पाडावयाच्या, नव्या मोजमापानें भिंती बांधावयाच्या आणि माल परत भरावयाचा. शुभवर्तमानांतील त्या धनवान शेतकऱ्याचा दृष्टांत आपणांपैकीं प्रत्येकानें ऐकलेला आहे. पीक उदंड आलें म्हणून जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधण्याचा बेत त्यानें केला, आणि त्याच रात्रीं त्याचें आयुष्य संपलें. दृष्टांताचें तात्पर्य अर्थात् निराळें व अधिक गंभीर आहे. तथापि पाडापाडीची रात्र ही प्रत्येक कोठारास धोक्याची असते, एवढा व्यावहारिक बोधही त्यांतून घेण्यास हरकत नसावी.

ही पाडापाड वारंवार करावी लागूं नये म्हणून संगणकशास्त्रज्ञांनीं एक निराळी व्यवस्था काढली आहे. आयबीएम कंपनीच्या एआयएक्स नांवाच्या प्रणालींत ती १९९० मध्यें आली. पुढें १९९८ मध्यें हाइन्त्स मौल्सहागेन यांनीं एचपी कंपनीच्या तत्सम व्यवस्थेचा आदर्श पुढें ठेवून ती लिनक्स ह्या मुक्त प्रणालीसाठीं लिहिली. तिला एलव्हीएम म्हणतात. तिची रचना तीन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर खऱ्याखुऱ्या डिस्का असतात. त्यांस व्यवस्थेंत दाखल करून घेतलें म्हणजे त्यांस फिजिकल व्हॉल्यूम हें नांव मिळतें. दुसऱ्या पायरीवर अशा अनेक डिस्का मिळून एक समूह होतो. तो व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे आपलें समाईक कोठार. तिसऱ्या पायरीवर त्या समाईक कोठारांतून ज्याच्या त्याच्या गरजेपुरतें माप काढून दिलें जातें. तें लॉजिकल व्हॉल्यूम. हें माप ओतण्याची पायलीही ठरलेली आहे. आपल्याकडे जुन्या मापांत चार शेरांची पायली होती; ह्या व्यवस्थेंतील पायली, जिला एक्स्टेंट म्हणतात, तीही सामान्यतः चार मेगाबाइटांचीच असते. ५०० गिगाबाइटांच्या एका डिस्केंत अशा सुमारें १,१९,००० पायल्या बसतात. कोणती पायली कोणत्या डिस्केवर आहे, ह्याची नोंद व्यवस्था स्वतः ठेविते. वापरणाऱ्यास आपला भाग सलग व अखंड दिसतो.

हें कसें घडतें तें समजण्यास आपल्या इतिहासांतील एक उदाहरण पुरेसें आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतून निवडलेले कागद १९३० ते १९३४ ह्या काळांत पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. वाचणाऱ्याच्या हातीं एका विषयाचा एक सलग खंड येतो. पण त्यांतील मूळ पत्रें निरनिराळ्या रुमालांत विखुरलेलीं असूं शकतात, व वाचकास त्याची जाणीवही होत नाहीं. रुमाल म्हणजे डिस्क, पत्र म्हणजे पायली, आणि छापलेला खंड म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. इंग्रजींत ग्रंथाच्या खंडासही व्हॉल्यूम हाच शब्द आहे, हा योगायोग येथें अर्थबोधास सोयीचा पडतो.

आम्हीं उसनी डिस्क आणून, एकदांच काय ती पाडापाड करून, सर्व माल ह्या व्यवस्थेखालीं आणला. तेव्हांपासून नोंदवह्यांस जागा कमी पडली कीं समाईक शिल्लकेंतून हव्या तितक्या पायल्या ओतून द्याव्या, एवढेंच काम उरलें. सगळी शिल्लक आरंभींच वांटून टाकावयाची नाहीं, हा त्यांतील पहिला नियम. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरेंच. पण येथें अंथरूणच थोडें घडी घालून ठेवावें लागतें, म्हणजे ज्याची गरज आधीं कळेल त्याच्याकडे तें उलगडतां येतें. कारण वाढविणें आणि आकसविणें ह्या दोन क्रियांत मोठें अंतर आहे. वाढवितांना आधीं भाग वाढवावा व मग त्यावरील फायलींची मांडणी वाढवावी. काम चालू असतांही हें करतां येतें. आकसवितांना क्रम उलटा. आधीं मांडणी आवरून घ्यावी, मगच भाग कापावा. हा क्रम चुकला तर मांडणीचा शेवटचा तुकडा मालासकट तुटून पडतो. ईएक्सटी४ नांवाची मांडणी काम बंद ठेवूनच आकसवितां येते, आणि एक्सएफएस नांवाची तर व्यवहारांत बहुधा आकसवितां येत नाहीं. देणें सोपें, दिलेलें परत घेणें कठीण, हा संसारांतील अनुभव येथेंही तंतोतंत लागू पडतो.

हा सर्व कारभार चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर शब्द लिहून चालतो. काळ्या पडद्यावर एक आज्ञा लिहावयाची व ती पाठवावयाची. ह्यास कमांड लाइन म्हणतात. नवख्यास ही रीति रूक्ष वाटते. मला ती फार प्रामाणिक वाटते. येथें संगणक आपणांस भुरळ पाडीत नाहीं आणि आपला आशय ताडण्याचाही प्रयत्न करीत नाहीं. आपण जें लिहिलें तेंच तो करितो. एक अक्षर चुकलें तर भलत्याच डिस्केवर हुकूम बजावला जातो. आणि ज्याच्या हातीं रूट ह्या नांवाचा सर्वाधिकार आहे त्यास अडविणारें कोणी नसतें. म्हणून माझा परिपाठ असा आहे कीं, आज्ञा देण्यापूर्वीं विचारणा करावयाची. पीव्हीएस म्हटलें कीं डिस्कांची यादी येते, व्हीजीएस म्हटलें कीं समाईक शिल्लक कळते, एलव्हीएस म्हटलें कीं कोणास किती दिलें तें दिसतें. ह्या तिन्ही विचारणांनीं कशालाही धक्का लागत नाहीं. पुष्कळशा आज्ञांस टेस्ट हा शब्द जोडला म्हणजे प्रत्यक्ष बदल न होतां रंगीत तालीमही होते. डिस्कांचीं एसडीए, एसडीबी हीं नांवें संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर बदलूं शकतात. म्हणून नांवावर विसंबावयाचें नाहीं, डिस्केवर छापलेला तिचा क्रमांक ताडून पहावयाचा. शाळेंत एका वर्गांत एकाच नांवाचीं तीन मुलें असलीं तर गुरुजी नोंदवहींतील क्रमांकावरूनच तीं ओळखतात. त्यांतलाच हा प्रकार.

आतां एका गोष्टीविषयीं मला विशेष आग्रहानें लिहावयाचें आहे. समाईक कोठार झालें म्हणजे माल सुरक्षित झाला, अशी समजूत सर्वत्र पसरलेली आहे, व ती सर्वस्वीं खोटी आहे. एका संस्थेनें, जिचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं, आपलीं अनेक वर्षांचीं छायाचित्रें दोन डिस्कांच्या अशाच समूहांत ठेविलीं होतीं. दुसरी प्रत नव्हती. दोन डिस्का आहेत, एक गेली तर दुसरी आहेच, असा त्यांचा हिशेब. वस्तुतः चित्रांचा एकच भाग दोन्ही डिस्कांवर पसरलेला होता. एक डिस्क बंद पडतांच त्याचा निम्मा देह नाहींसा झाला, आणि उरलेला निम्माही धडपणें उघडेना. मला बोलाविण्यांत आलें तेव्हां करण्यासारखें फारच थोडें शिल्लक होतें. डिस्कांच्या हिशेबाची खतावणी संगणकांत राहते, व ती नष्ट झाली तर तिच्या जतन केलेल्या प्रतीवरून पुन्हा बसवितांही येते. परंतु खतावणी म्हणजे धान्य नव्हे. कोणत्या कणगींत किती पायल्या होत्या हें ती सांगेल. कणगीच जळाली असतां दाणे कोठून आणील? एकच मजकूर दोन डिस्कांवर एकाच वेळीं लिहिण्याची सोय ह्या व्यवस्थेंत आहे, पण ती निराळी मागून घ्यावी लागते. आणि तीही चुकीच्या हुकुमापासून, आगीपासून किंवा चोरीपासून रक्षण करीत नाहीं.

हीच गोष्ट मीं आमच्या मंडळींस समजावून सांगत होतों. दुसऱ्या गांवीं ठेवण्यासाठीं आणखी एक डिस्क विकत घ्यावी, असें माझें म्हणणें, व हा खर्च कशाला, असें कांहींचें म्हणणें. चर्चा लांबली. कोपऱ्यांत एक वृद्ध शेतकरी बसले होते. गांवांत त्यांस सर्व तात्या म्हणतात. ते आपल्या वडिलांची नोंद पहावयास आले होते. त्यांनीं मला विचारलें, "पोरा, दोन पोत्यांचं धान्य एका कणगीत वतलं, म्हंजी कणग्या दोन झाल्या व्हय?"

मीं म्हटलें, "नाहीं, तात्या. कणगी एकच."

"मग ह्यात भांडायचं काय हाय? बियाणं कुनी घरच्या खायाच्या कणगीत ठिवतं का?"

त्यानंतर कोणी कांहीं बोललें नाहीं. डिस्क घेतली गेली. तींत प्रति उतरवून, उघडून व तपासून, ती फलटण येथें एका स्नेह्याच्या घरीं ठेविली. तेव्हांपासून दर आठवड्यास नवा मजकूर तीवर उतरवितों.

ह्या दूरदृष्टीची कसोटी लवकरच लागली. आमची ५०० गिगाबाइटांची डिस्क जुनी होती. डिस्का आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवितात. खराब झालेल्या जागा सोडून राखीव जागा वापरल्या गेल्या म्हणजे तो आंकडा वाढतो. आषाढाच्या त्या दिवसांत तो आंकडा रोज वाढूं लागला, आणि तात्यांच्या वडिलांचें पान, एलव्हीएसनें दाखविलें त्याप्रमाणें, नेमक्या त्याच डिस्केवर पसरलेल्या भागांत होतें. मूळ नोंदवहीचें तें पान तोंवर वाळवीनें खाल्लें होतें. आधीं फलटणची प्रति आणवून ती ताजी केली. मग २ टेराबाइटांची नवी डिस्क बसविली. पीव्हीक्रिएट म्हणून तिला दाखल केलें, व्हीजीएक्स्टेंड म्हणून समूहांत घेतलें, आणि रात्रीं नऊच्या सुमारास पीव्हीमूव्ह ही आज्ञा दिली. ह्या आज्ञेनें आजारी डिस्केवरील एक एक पायली उचलून नव्या डिस्केवर नेली जाते. आणि आश्चर्य हें कीं, माल हालत असतांही तो वापरणाऱ्यास अडथळा होत नाहीं. वारींत दिंडीचें सामान मालमोटारींतून पुढच्या मुक्कामास जातें, तंबू उभे राहतात, आणि वारकरी मात्र आपला भजनांत दंग होऊन चालत असतो. लोणंदहून पुढें चांदोबाच्या लिंबापाशीं रिंगण रंगतें तेव्हां त्याच्या मनांत आपल्या वळकटीची चिंता नसते. तसेंच हें आहे.

बासष्ट टक्के काम झालें होतें, आणि वीज गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. यूपीएसच्या बळावर संगणक रीतसर बंद करण्यापुरता अवधि मिळाला, त्यानंतर अंधार. ती रात्र मीं त्याच खोलींत काढली. ह्या व्यवस्थेंत हालचाल अर्धवट राहिली तरी कोठवर आलें ह्याची खूण लिहिलेली असते, व पुन्हा आरंभ त्या खुणेपासून होतो, हें मला पुस्तकावरून ठाऊक होतें. परंतु पुस्तकावरून ठाऊक असणें आणि अंधारांत त्यावर भिस्त ठेवून बसणें ह्यांत किती अंतर आहे, तें त्या रात्रीं कळलें. फलटणची प्रति हातीं होती म्हणूनच मन ठिकाणावर राहिलें. पहाटे वीज आली. संगणक सुरू करून पीव्हीमूव्ह हा एकच शब्द, मागें कोणत्याही डिस्केचें नांव न जोडतां, लिहिला. आंकडा शेवटच्या खुणेपासून पुढें सरकूं लागला. दहा वाजण्यापूर्वीं काम पुरें झालें. व्हीजीरिड्यूस म्हणून जुन्या डिस्केस समूहांतून रीतसर निरोप दिला, आणि मगच तिला संगणकांतून बाहेर काढलें.

पुढें तात्या नातवास घेऊन आले. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनीं पडद्यावरील ती ओळ त्यांस वाचून दाखविली. वडिलांचें नांव, आजोबांचें नांव, दुसऱ्या यत्तेंतून शाळा सोडली, कारण घरकाम. नातवाचें लक्ष जातीच्या रकान्याकडे होतें, व तें साहजिकच होतें; त्यास दाखला हवा होता. तात्यांनीं मात्र शेवटचा रकाना पुन्हा वाचावयास सांगितला. आपला बाप दोन यत्ता शिकला होता, हें त्यांस ऐंशी वर्षें ओलांडल्यावर प्रथमच कळत होतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं कित्येकजण उद्यां कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून, पेढ्यांतून संगणकांचा कारभार पहाल. तुमच्या हातीं सर्वाधिकाराचा शब्द येईल, आणि तुम्हीं लिहाल ती आज्ञा निमूटपणें पाळली जाईल. तेव्हां एवढें लक्षांत ठेवावें. समाईक करा, कारण बांध घातल्यानें कोणाचेंच पीक वाढत नाहीं. थोडी शिल्लक न वांटतां राखा. आज्ञा देण्याआधीं विचारणा करा, आणि नांवावर न भुलतां क्रमांक पहा. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बियाणें निराळ्या घरीं ठेवा, आणि तें उगवतें कीं नाहीं हें मधून मधून पेरून पहा. कारण न उघडलेली प्रति ही प्रति नव्हे, ती केवळ आशा होय. योसेफानें मिसर देशांत सुकाळाचीं सात वर्षें धान्य सांठविलें तें स्वतःच्या मालकीचें नव्हतें. कारभारी हा मालक नसतो. ज्यांचें धान्य त्यानें राखिलें त्यांपैकीं बहुतेकांस त्याचें नांवही कळत नाहीं. मागणाऱ्याच्या वेळीं कोठारांत दाणा असला म्हणजे त्याचें काम झालें.